विश्लेषण : ‘हेडीस २’ गेम पहिल्यापेक्षा सरस की नुसताच मोठा?

ग्रीक पुराणकथांवर बेतलेला ‘हेडीस’ हा गेम २०२० मध्ये आला आणि जगभर गाजला. त्याचा दुसरा भाग ‘हेडीस २’ २५ सप्टेंबर २०२५ रोजी पूर्ण रूपात दाखल झाला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, पण अनेक खेळाडूंनी कथेच्या शेवटावर नाराजी व्यक्त केली. असे का झाले? आणि पुराणकथेला रंगमंचावर आणणाऱ्या सांगलीच्या मुलुखातल्या नव्या पिढीला यातून काय शिकता येईल?

‘रोगलाइक’ म्हणजे काय?

१९८० मध्ये ‘रोग’ नावाचा संगणकीय गेम आला. या ‘रोग’चा आजाराशी संबंध नाही, इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भामटा. त्यात भुयाराचा नकाशा प्रत्येक वेळी बदलायचा आणि पात्र मेले की सुरुवातीपासून खेळावे लागायचे. या धाटणीच्या गेमना ‘रोगलाइक’ म्हणू लागले. सापशिडीत ९८ वर साप गिळतो आणि सोंगटी खाली येते, तसेच काहीसे. फरक इतकाच, की इथे पटही दर वेळी नव्याने मांडला जातो.

पहिला ‘हेडीस’ का गाजला?

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘सुपरजायंट गेम्स’ने हा गेम डिसेंबर २०१८ मध्ये अपूर्ण अवस्थेत खेळाडूंना दिला, त्यांच्या सूचना घेतल्या आणि १७ सप्टेंबर २०२० रोजी पूर्ण केला. पाताळाचा राजा हेडीस याचा मुलगा झॅग्रियस घर सोडून निघतो. वाटेत मेला, की पुन्हा वडिलांच्याच दारात येतो. वडील टोमणा मारतात, नोकरचाकर विचारपूस करतात, कथेचा एखादा नवा धागा उलगडतो. त्याला आईला भेटायचे असते. ती भेट दहा वेळा साधली की मुख्य कथा संपते.

खुबी इथेच होती. हरलेला खेळाडू चिडून गेम बंद करत नव्हता, कारण हरल्यावरही घरी काहीतरी ऐकायला मिळत होते. २०२१ मध्ये या गेमला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा आणि विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्युगो पुरस्कार मिळाला.

दुसऱ्या भागात नवे काय?

या वेळी नायिका आहे झॅग्रियसची बहीण मेलिनोई. प्राचीन ऑर्फिक स्तोत्रांत तिचा उल्लेख येतो, पण तिच्याविषयी फारसे काही सांगितलेले नाही. त्यामुळे निर्मात्यांना मोकळीक मिळाली. काळाचा अधिपती क्रोनॉस याने तिच्या घरावर कब्जा करून आईवडिलांना कैद केले आहे. हेकेटी या जादूविद्येच्या देवीने तिला वाढवले. आता तिला क्रोनॉसला हरवायचे आहे.

पहिल्या भागात वाट एकच होती, इथे दोन आहेत. एक खाली पाताळात जाते, दुसरी वर ऑलिम्पस पर्वताकडे. सहा शस्त्रे, जादूची नवी शक्ती, वरदान देणारे जास्त देव आणि मोहिमेआधी निवडायची २५ पत्ते असलेली जोड असा हा पसारा आहे.

जमेच्या बाजू कोणत्या?

पहिली बाजू लढतीची. मेलिनोई भावासारखी थेट भिडत नाही. ती जादूचे वर्तुळ आखते, शत्रूला अडकवते, क्षणभर थांबून जोरदार वार करते. पहिला भाग कोळून प्यायलेल्यालाही इथे हात नव्याने बसवावा लागतो.

दुसरी बाजू वैविध्याची. झ्यूसची वीज आणि पोसायडनची लाट यांचा मेळ एकदा जमला, तरी पुढच्या फेरीत तीच वरदाने मिळतील याची खात्री नसते. त्यामुळे दोन फेऱ्या सारख्या होत नाहीत.

तिसरी बाजू संगीताची. डॅरेन कॉर्ब यांचे संगीत कथेचाच भाग बनते. समुद्रातल्या एका लढतीत सिला आणि तिच्या साथीदार गात-वाजवत हल्ला करतात. ढोल वाजवणारीला आधी हरवले, तर गाण्यातला ढोलच बंद होतो!

मग अडखळला कुठे?

पहिली अडचण गोळाबेरजेची. खाणीतून धातू काढा, बी पेरा, मासे धरा, मग त्यातून कढईत मंत्र शिजवा. सुरुवातीला हे गमतीचे वाटते. पुढे मात्र एका मंत्रासाठी वस्तू जमवत तीच वाट पुन्हा तुडवावी लागते आणि लढाईपेक्षा हिशेबच जास्त होतो.

दुसरी अडचण जास्त खोलवरची आहे. झॅग्रियसचे ध्येय घरगुती आणि साधे होते : वडिलांशी पटत नाही, आई हवी आहे. मेलिनोईचे ध्येय मोठे आहे, पण तिचे कुटुंब बराच काळ नजरेआडच राहते. न पाहिलेल्या आईवडिलांसाठी ती जिवाचे रान करते. खेळाडूला मात्र ती ओढ लागायला वेळ लागतो. क्रोनॉस हरूनही परत येतो, तेव्हा प्रत्येक विजयाची किंमत कमी होते. शेवटी मोठा निर्णय नायिकेच्या हातून निसटल्यासारखा वाटतो, अशी तक्रार अनेकांनी केली. कंपनीने ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये शेवटाच्या प्रसंगांत भर घातली. त्यातून ही तक्रार अगदीच निराधार नव्हती हे दिसले.

मोठे केले म्हणजे रंगते का?

या प्रश्नाचा जुना अनुभव सांगलीकडे आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढे ‘सीतास्वयंवर’ सादर केले. या तारखेलाच आज मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. भाव्यांच्या खेळात पद्ये सूत्रधार म्हणायचा आणि पात्रे प्रसंगानुसार आयत्या वेळी संवाद बोलायची. कथा सर्वांना पाठ, पण प्रयोग रोज थोडा वेगळा. रोगलाइकचे मर्मही हेच आहे.

पुढे भाव्यांचे पाहून अनेक मंडळ्या निघाल्या. पौराणिक खेळांत राक्षसांचा आरडाओरडा इतका वाढला, की लोक त्यांना ‘अललडुर्र’ नाटके म्हणून हिणवू लागले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘शाकुंतल’ आले. बांधीव संवाद आणि गाणी यांनी प्रेक्षक पुन्हा खेचला गेला. त्यामागे राक्षसांची संख्या नव्हती, माणसांमधली नाती होती. ‘हेडीस २’ जिथे कमी पडतो, तिथे नेमकी हीच उणीव आहे.

आपल्या कथांवर असा गेम का होत नाही?

ग्रीक देवांची आज घरोघरी पूजा होत नाही. त्यामुळे त्यांना भांडखोर, विनोदी किंवा हरणारे दाखवणे सोपे जाते. आपल्याकडे देव देव्हाऱ्यात आहेत. नायक वारंवार मरणार, हा तर रोगलाइकचा पायाच. देवालाच नायक केले, तर ते भाविकांना कसे रुचणार?

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये आलेल्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’मध्ये यावर वाट काढली. हा गेम रोगलाइक नाही, पण त्यातली नायिका राजी ही माणूस आहे, भावाला सोडवायला निघालेली मुलगी. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, दैवी शस्त्रे तिला मिळतात. हरते ती मुलगी, देव नव्हे. चित्रशैली नावाजली गेली. लहान लांबी आणि लढतीतला अडखळेपणा यांवर टीका झाली.

सातारा जिल्ह्यात अशा कथांना तोटा नाही. पालीच्या खंडोबाची मणी-मल्ल दैत्यांशी झालेली लढाई घ्या. त्यातला मणी शेवटी शरण येतो आणि भक्त म्हणून मान मिळवतो. म्हणजे शत्रूही बदलू शकतो, हे सूत्र कथेतच आहे. चित्रांसाठी औंध आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः रामायणावर चित्रमालिका काढली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. पैसा आला तरी ‘हेडीस २’चा धडा लक्षात ठेवावा लागेल : शस्त्रे आणि वाटा नंतर वाढवा, आधी खेळाडूला कोणासाठी लढायचे ते कळू द्या.

घ्यावा की नाही?

‘हेडीस २’ विंडोज, मॅक आणि निन्टेंडोच्या दोन्ही स्विचवर आला. संगणकाला किमान ८ जीबी रॅम आणि सुमारे १० जीबी जागा लागते. संवाद इंग्रजीत असून मराठीचा पर्याय नाही. लढत अवघड वाटली, तर ‘गॉड मोड’ सुरू करता येतो. त्यात प्रत्येक हारीनंतर मार थोडा कमी लागतो.

पहिला भाग खेळला नसेल, तर सुरुवात तिथूनच करावी. तो छोटा आहे आणि कथेत जास्त घट्ट. तो आवडला आणि लढतीची चटक लागली, तर दुसरा भाग पैसे वसूल करून देईल. केवळ कथेच्या शेवटासाठी घेणार असाल, तर अपेक्षा थोडी कमी ठेवलेली बरी.