खसखशीत रुतलेला पाय

गिनी कोंबडी चालत येते आणि तिचा पाय खसखशीत रुततो. हो, खसखसच, आपण अनारशांना लावतो ती. मधलं बोट पाचेक सेंटिमीटर आत जातं, नजरेआड होतं. दोन बाजूंनी रोखलेल्या क्ष-किरण यंत्रांना मात्र ते दिसत राहतं. वाळू क्ष-किरण जास्त अडवते, खसखस फारसे अडवत नाही.

हा उद्योग पीटर फॉकिंगहॅम आणि स्टीफन गेट्सी यांचा, २०१४ सालचा. गेट्सी अमेरिकेत प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठातले. एलिझाबेथ ब्रेनर्ड आणि त्यांच्या चमूने तिथे घडवलेल्या या तंत्राचं नाव एक्सरॉम.

क्ष-किरण चित्र म्हणजे शेवटी सावली. दिव्यापुढे बोट धरा. ते भिंतीकडे झुकलंय की तुमच्याकडे, हे नुसत्या सावलीवरून सांगता येत नाही. त्याच क्षणी दुसऱ्या दिशेने दुसरी सावली मिळाली, तर येतं. म्हणून यंत्रं दोन, आणि दोन्हींना वेगवान कॅमेरे. प्राण्याचं सीटी स्कॅन वेगळं काढतात. त्यातून एकेका हाडाचा नेमका आकार मिळतो. मग संगणकावर चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीत ते हाड दोन्ही सावल्यांशी जुळवून बसवायचं.

यात एक मेख आहे. चूक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत खाली आणायची, तर हाडांत टँटलम धातूचे, मोहरीहून बारीक मणी आधी बसवावे लागतात. म्हणजे भूल आली, शस्त्रक्रिया आली. ‘चिरफाड न करता आत पाहतो’ असं म्हणणं तिथे अर्धंच खरं. मण्यांशिवायही जमतं, मग हाडाची प्रतिकृती चौकटीमागून चौकट हाताने जुळवत बसायचं. काम कमालीचं किचकट, पण प्राण्याला टाका पडत नाही. क्ष-किरणांची मात्रा मात्र दोन्हीकडे जपूनच द्यावी लागते.

एवढा खटाटोप कशाला? मेलेलं शरीर हालचाल सांगत नाही, म्हणून. पक्ष्याच्या छातीपुढचं दुबेळक्यासारखं हाड शरीरशास्त्रज्ञांनी किती वेळा हाताळलं असेल! पण १९८८ मध्ये फॅरिश जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात उडणाऱ्या स्टार्लिंगचं, म्हणजे आपल्या साळुंकीच्या चुलत भावंडाचं, क्ष-किरण चित्रण केलं, तेव्हा पंख खाली येताना त्या हाडाची टोकं फाकताना आणि वर जाताना परत जवळ येताना दिसली. हाड कसलं, स्प्रिंगच ती!

माशाची गंमत त्याहून मोठी. लार्जमाउथ बास मासा तोंड झटक्यात उघडून भक्ष्य पाण्यासकट ओढतो. हा जोर डोक्यातल्या चिमुकल्या स्नायूंचा कसा असेल? ब्रेनर्ड यांच्या गटाने २०१५ मध्ये एक्सरॉम लावून हिशेब केला. ९५ टक्क्यांपर्यंत शक्ती धडाच्या स्नायूंतून येते. आपण ज्याच्या तुकड्या पाडून तळतो, त्या भागातून. पोहायचा स्नायू गिळायलाही राबतो.

आता पुन्हा खसखशीकडे. पाय निघाला तसे वरचे दाणे कोसळले आणि वर नुसता खळगा उरला. ती पायाची चाल संगणकावरच्या आभासी दाण्यांत उतरवून थर उलगडले, तेव्हा खालच्या थरांत पायाचा आकार वरच्यापेक्षा स्पष्ट उमटलेला निघाला. तेव्हा संग्रहालयात डायनासोरचा रेखीव ठसा दिसला, तर तो प्राणी त्याच थरावर उभा होता असं लगेच धरून चालू नका. त्याची जमीन कदाचित चार बोटं वर होती.