पटावरचे एक कुळ

बुद्धिबळाचा खेळ आपल्या खेड्यांतील लोकांस नवा नाही. शेतीची कामे उरकली की ओट्यावर पट मांडून दोघे बसावेत आणि भोवती न विचारता सल्ला देणारे चौघे उभे राहावेत, हे दृश्य आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. परंतु अलीकडे या जुन्या खेळाने एक नवे रूप घेतले आहे. देशोदेशींचे संघ एकमेकांशी खेळतात, आणि खेळणारा मात्र आपापल्या घरी बसलेला असतो. पट लाकडाचा नसून पडद्यावरचा असतो. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचा प्रतिस्पर्धी नागपूरच्या मुलीसमोर जणू शेजारच्या खोलीत असावा तसा येऊन बसतो. वांकिडीसारख्या गावातील तरुणही हे सामने मोबाइलवर पाहू लागले आहेत. या कुतूहलाच्या मुळाशी काय आहे आणि त्यातून कुटुंबांनी काय घ्यावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

या खेळाची जागतिक संघटना ‘फिडे’ या नावाने ओळखली जाते. ती २० जुलै १९२४ रोजी पॅरिस येथे स्थापन झाली. तिचे ब्रीदवाक्य लॅटिन भाषेत आहे: ‘जेन्स ऊना सुमुस’, म्हणजे ‘आम्ही सारे एकाच कुळाचे आहोत’. ब्रीदवाक्ये लिहिणे सोपे असते. ती पाळण्याची वेळ आली म्हणजे त्यांची परीक्षा होते. या ब्रीदवाक्याची अशी परीक्षा गेल्या काही वर्षांत झाली, आणि तिची हकिकत सांगण्याजोगी आहे.

सहा पटांचा संघ

२०२० साली रशियात बुद्धिबळाचे ऑलिंपियाड भरावयाचे होते. महामारीमुळे ते पुढे ढकलणे भाग पडले. तेव्हा त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये फिडेने इंटरनेटवरून पहिले ऑनलाइन ऑलिंपियाड भरविले. त्यात १६३ देशांचे संघ उतरले. टाळेबंदीने ज्यांना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, अशा असंख्य घरांत हे सामने पाहिले गेले.

या स्पर्धेचा एक नियम आमच्या मते सर्वांत मोलाचा होता. प्रत्येक सामना सहा पटांवर खेळला जाई. दोन पटांवर कोणीही श्रेष्ठ खेळाडू, दोन पटांवर स्त्रिया, एकावर वीस वर्षांखालील मुलगा आणि एकावर वीस वर्षांखालील मुलगी. प्रत्येक पटाचे मोल सारखे. जगज्जेत्याने मिळविलेला गुण आणि शाळकरी मुलीने मिळविलेला गुण यांत काडीचाही फरक नाही. याचा अर्थ असा की, ज्या देशाने केवळ आपल्या पुरुषांस शिकविले आणि मुलींस चुलीपाशी बसविले, त्याला ही स्पर्धा जिंकणे शक्यच नव्हते. घरातील सर्वांचे बळ मोजणारी अशी कसोटी आम्ही दुसऱ्या कोणत्या खेळात फारशी पाहिलेली नाही.

भारताच्या संघाचे नायक होते नाशिकचे श्री. विदित गुजराथी. संघात पाच वेळा जगज्जेते झालेले श्री. विश्वनाथन आनंद होते. आंध्रच्या कोनेरू हम्पी, द्रोणवल्ली हरिका आणि पी. हरिकृष्ण होते, गोव्याच्या भक्ती कुलकर्णी होत्या, प्रज्ञानंद आणि निहाल सरीन हे कोवळ्या वयाचे मुलगे होते, आणि नागपूरची चौदा वर्षांची कु. दिव्या देशमुख होती. २३ ऑगस्ट रोजी भारताने बलाढ्य चीनला ४-२ असे हरविले. त्या सामन्यात चार डाव बरोबरीत सुटले. जे दोन जिंकले गेले ते प्रज्ञानंद आणि दिव्या या दोन मुलांनी. थोरांनी तट राखला आणि लहानांनी किल्ला घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

२९ ऑगस्टला उपान्त्य सामन्यात पोलंडशी गाठ पडली. पहिली फेरी भारत २-४ असा हरला, दुसरी साडेचार-दीड असा जिंकला. बरोबरी फोडण्यासाठी एकच निर्णायक डाव खेळावयाचा होता. तो भार हम्पी यांच्यावर आला आणि त्यांनी तो पेलला.

तुटलेला धागा

३० ऑगस्टला अंतिम सामना रशियाशी झाला. पहिल्या फेरीतील सहाही डाव बरोबरीत सुटले. दुसरी फेरी चालू असता निहाल आणि दिव्या यांचा इंटरनेटशी असलेला संबंध अकस्मात तुटला. पटावरचे घड्याळ मात्र थांबले नाही. वेळ संपला आणि दोघेही पराभूत ठरले. प्रथम रशिया विजयी असे जाहीरही झाले. मग कळले की, त्या दिवशी अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या जाळ्यात बिघाड होऊन जगाच्या अनेक भागांतील इंटरनेट कोलमडले होते. भारताने दाद मागितली. दाद ऐकणाऱ्या समितीचे एकमत होईना. अखेर फिडेचे अध्यक्ष आर्काडी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांस सुवर्णपदक देण्याचा निर्णय दिला. हे गृहस्थ स्वतः रशियाचे आहेत, एके काळी त्या देशाचे उपपंतप्रधान होते. आपल्या देशाच्या हाती आलेले सुवर्ण त्यांनी दुसऱ्यासोबत वाटून घेतले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऑलिंपियाडमध्ये भारताला सुवर्णपदक मिळण्याची ती पहिलीच वेळ. देशभर आनंद झाला, आणि तो योग्यच होता.

परंतु या हकिकतीचे एक आधीचे पान आहे, आणि आनंदाच्या भरात ते फारसे कोणी उलटले नाही. अंतिम सामन्याच्या दोनच दिवस आधी, २८ ऑगस्टला, भारताची गाठ आर्मेनियाशी पडली होती. आर्मेनिया हा सुमारे तीस लाख वस्तीचा लहानसा, प्राचीन ख्रिस्ती परंपरेचा देश. तेथे २०११ पासून शाळेत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय आहे, आणि ऑलिंपियाडचे सुवर्ण त्या देशाने २००६, २००८ व २०१२ असे तीनदा जिंकलेले आहे. त्या दिवशी निहालसमोर बसलेला आर्मेनियाचा खेळाडू हैक मार्तिरोस्यान याचा संबंध असाच तुटला आणि वेळ संपून तो हरला. भारताने ती फेरी साडेतीन-अडीच अशी, म्हणजे अवघ्या एका गुणाच्या फरकाने जिंकली. आर्मेनियाने दाद मागितली; दोष आमच्याकडचा नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. तेव्हा तो संघ दुसरी फेरी न खेळताच स्पर्धेतून निघून गेला.

दोन्ही प्रसंगी धागाच तुटला. मग निवाडे दोन का? नियमाच्या बाजूने सांगता येते ते असे. आपल्या घरच्या जोडणीची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी, असा नियम होता. आमच्या वाचकांस समजेल अशा भाषेत बोलायचे तर, एका घरातला दिवा गेला तर घरमालकाने तार तपासावी. पण गावची डीपीच जळाली तर कोणा एकास दोष देता येत नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी जणू डीपीच जळाली होती.

हा युक्तिवाद आम्ही खोटा म्हणत नाही. तरीही तो सर्व प्रश्न मिटवीत नाही. एकाच घरातील दिवा गेला म्हणून त्या घरच्या मुलाची अंधारात बसण्याची व्यथा कमी होते काय? शिवाय तक्रार मोठ्या देशाची असो की लहान देशाची, ती सारख्याच धीराने ऐकली गेली असे दोघांसही वाटावे लागते. निहालने काही अपराध केला नव्हता आणि भारतीय संघाने काही लबाडी केली नव्हती, हे स्पष्ट आहे. पण ज्या दयेने आपणांस सुवर्ण मिळाले, तीच दया दोन दिवस आधी दुसऱ्याने मागितली होती, याची आठवण ठेवणे हेही त्या सुवर्णाचे मोलच आहे. आपल्या शेतास पाणी मिळाले की कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आठवला पाहिजे. एका कुळाचे म्हणविणाऱ्यांस हा नियम टाळता येत नाही.

भिंतीआडचा संघ

या कुळातील आणखी एका शाखेची ओळख करून दिली पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तुरुंगातील बंद्यांसाठी ऑनलाइन आंतरखंडीय सांघिक स्पर्धा सुरू झाली. फिडे आणि अमेरिकेतील शिकागोनजीकच्या कुक परगण्याचे शेरीफ कार्यालय यांनी ती भरविली, आणि पहिल्याच वर्षी ३१ देशांतील बंदी तीत खेळले. पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांस इंडियन ऑइल कंपनीच्या ‘परिवर्तन’ उपक्रमातून बुद्धिबळाचे शिक्षण मिळाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये येरवड्याच्या या संघाने त्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले.

ज्यांना कोणी भेटावयास जात नाही, अशांच्या पटासमोर परदेशातील माणूस येऊन बसला, हीच मुळी केवढी गोष्ट आहे! तुरुंगातील माणसास भेटणे हे आपल्या धर्माने दयेचे कृत्य मानले आहे. शिवाय बुद्धिबळ माणसास एक गोष्ट शिकविते, आणि ती बंद्यास विशेष उपयोगाची आहे: हात उचलण्यापूर्वी थांबावे आणि या खेळीनंतर काय होईल ते पाहावे. तुरुंगातील पुष्कळ शिक्षा हा क्षणभराचा विचार न केल्याच्या असतात.

आमच्या घरांपुरते

आता थोडे आपल्याविषयी. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि स्त्रियांच्या अशा दोन्ही गटांत सुवर्ण मिळविले. त्या संघांत नाशिकचे विदित होते, आमच्या तेलंगणातील वरंगळकडचा अर्जुन एरिगैसी होता आणि दिव्याही होती. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच दिव्याने जिंकला. हरली ती तिची जुनी सहखेळाडू हम्पी. राजुरा-चंद्रपूरच्या वाटेने जे नागपूर आम्ही दवाखान्यासाठी आणि खरेदीसाठी गाठतो, त्याच नागपुरातली ही मुलगी. आपल्या लेकींना हे आवर्जून सांगावे.

मात्र एक सावधगिरी. मोबाइलवर जे जे ‘खेळ’ म्हणून येते ते सारे खेळ नव्हे. पैसे लावून खेळावयाच्या प्रकारांनी पुष्कळ घरे बुडविली, म्हणूनच २०२५ साली संसदेने त्यांवर बंदी घालणारा कायदा केला. मुलगा ‘बुद्धिबळ खेळतो’ असे म्हणाला तर आईबापांनी जवळ बसून पट पाहावा. त्यात संशयापेक्षा सोबत अधिक असावी. आणि खेळताना यंत्रास चाल विचारणारा मुलगा जिंकला तरी काही शिकत नाही, हेही त्याला समजावून द्यावे.

आमची सूचना साधी आहे. लाकडी किंवा पुठ्ठ्याचा पट फार महाग नसतो, आणि त्याला वीज लागत नाही. रविवारच्या मिस्सेनंतर गावात सहा जणांचा एक संघ करून पाहावा: दोन पुरुष, दोन स्त्रिया, एक मुलगा, एक मुलगी. शेजारच्या गावाने तसाच संघ करावा. सुरुवातीस स्त्रियांचे पट भरणे जड जाईल. त्यांना खेळ येत नाही म्हणून नव्हे, तर त्यांना तासभर बसू देण्यास घर तयार नसते म्हणून. तो तासभर स्वयंपाकघर कोणी सांभाळायचे, हे पुरुषांनी आधी ठरवावे. पटावरची पहिली चाल ती असेल.