मागील शिल्लक

बल्लारपूरच्या ज्या लाकूड आगारातून मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले, तेथील ओंडक्यांवरचे हातोड्याचे शिक्के व क्रमांक पाहिले, म्हणजे तोडीपासून लिलावापर्यंत प्रत्येक नगाची लांबी, घेर व घनमाप दफ्तरी चढविणाऱ्या वनविकास महामंडळाच्या शिस्तीविषयी आदर वाटतो.

नोंदीची हीच शिस्त सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्र चालविणाऱ्यांनी, यंत्राचे हत्यारमार्ग आखणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये पाळावी. पहिल्या सेटअपमध्ये, म्हणजे ठोकळ्याच्या पहिल्या पकडीत, वरची बाजू कोरून ठोकळा उलटा धरला, की दुसऱ्या सेटअपचा कच्चा माल मूळ चौकोनी ठोकळा नसून पहिल्याने शिल्लक ठेवलेला आकार होय; हे न सांगितल्यास सॉफ्टवेअर नाहीशा झालेल्या मालावर, म्हणजे निव्वळ हवेत, हत्यार फिरवीत वेळ दवडते; आणि सांगितल्यावर सेटअपांचा क्रम मागाहून बदलला, पण पुनर्गणना केली नाही, तर उरलेल्या मालाला रिकामी जागा समजून हत्यार भरवेगाने त्यात घुसविते. (सागवान निदान क्षमा करते, पोलाद करीत नाही.)

फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरमध्ये याकरिता स्टॉक (कच्चा माल) मागील सेटअपवरून घेण्याचा पर्याय आहे. खतावणीत मागील शिल्लक पुढे ओढावी, तसाच. मात्र पहिल्या सेटअपमधील एक कृती जरी बदलली, तरी पुढील सर्व हत्यारमार्गांची पुनर्गणना करावी, आणि उलटलेल्या ठोकळ्याचा शून्यबिंदू कच्च्या कडेवरून न घेता आधी यंत्रित केलेल्या पृष्ठभागावरूनच घ्यावा.