चार बाइटांचा घोळ

मुलांनो, काल नीट चालणारा संगणक आज सुरू केला आणि पडद्यावरची अक्षरं एकदम भोपळ्याएवढी दिसायला लागली तर? कुणी वायर ओढलेली नाही, कुणी काही पाडलेलं नाही. रात्री संगणकाने स्वतःची नवी आवृत्ती बसवून घेतली, एवढंच! २०२४ च्या सुरुवातीला उबुंटू २२.०४ वापरणाऱ्या पुष्कळांवर अशीच वेळ आली होती.

संगणकाच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो. त्याचं नाव कर्नल. (सैन्यातला नव्हे हं! हा कर्नल म्हणजे बीमधला गर.) फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली, वयाच्या २१व्या वर्षी, लिनक्स नावाचा कर्नल लिहिला. आईबाबांचा फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्याही पोटात लिनक्सच आहे.

पण जगातलं एकूण एक यंत्र या कारभाऱ्याला कसं ठाऊक असणार? म्हणून काही कंपन्या आपल्या यंत्रासाठी छोटा प्रोग्राम वेगळा देतात. तो कर्नलला मागाहून जोडायचा. हे झालं मॉड्यूल. आणि माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. लिनक्सचा नेहमीचा दुभाषा जीसीसी. तो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये लोकांपुढे आणला.

साधा प्रोग्राम कारभाऱ्याच्या दाराबाहेर उभा राहून आपलं काम सांगतो. मॉड्यूल मात्र थेट आत शिरतं आणि त्याच्याच वह्या उघडून लिहायला बसतं! इथेच गोम आहे. समजा, माझ्या वर्गाच्या नोंदवहीत नाव, जन्मतारीख, उंची, वजन असे रकाने आहेत. बदलीवर आलेल्या बाईंना वाटलं, की मधे आणखी एक रकाना आहे. मग त्या उंचीच्या जागी वजन वाचतील, आणि वजन लिहितील ते भलत्याच ठिकाणी.

लिनक्समध्ये हे खरोखर होऊ शकत होतं. दोघांनी एकाच वेळी एका वहीत लिहू नये, म्हणून कर्नलमध्ये स्पिनलॉक नावाची कडी असते. एकच प्रोसेसर असेल तिथे या कडीची गरज नसे, म्हणून तिचा रकाना रिकामा, शून्य बाइटांचा ठेवत. पण दुसऱ्या मालिकेतला जुना जीसीसी अशा रिकाम्या रकान्यापाशी अडखळायचा. त्याच्यासाठी तिथे मुद्दाम चार बाइटांचा एक आकडा ठेवला. त्या आकड्याचं नाव काय ठेवलं असेल? 'जीसीसी इज बगी', म्हणजे जीसीसीतच खोट आहे! आता कर्नल केला तिसऱ्या मालिकेच्या जीसीसीने आणि मॉड्यूल दुसऱ्या, की पुढचा प्रत्येक रकाना चार बाइट सरकला. कुठे काय लिहिलं जाईल याचा नेम नाही. संगणक जागच्या जागी गोठायचा.

मग २.६ मालिकेच्या कर्नलने दारावर शिक्का तपासायला सुरुवात केली. मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी, कोणत्या कंपायलरने केलं, हे त्या शिक्क्यावर असे. जुळलं नाही तर आत प्रवेश नाही! पुढे कंपायलरचा नंबर शिक्क्यातून काढला, पण कर्नलची आवृत्ती आजही तपासतात.

मग २०२४ मध्ये काय बिनसलं? नवा ६.५ कर्नल जीसीसी १२ ने केलेला होता, आणि उबुंटू २२.०४ वर नेहमीचा जीसीसी होता ११. मॉड्यूल करताना कर्नलसाठी दिलेल्याच सूचना वापरतात. त्यांत एक नवी सूचना होती: तात्पुरती पाटी देताना आधी पुसून, शून्य मांडून दे. आधीचे आकडे तसेच राहून गुपित फुटू नये, म्हणून ही काळजी. अकरा नंबरला ही सूचना कुणी शिकवलीच नव्हती. 'ही आज्ञा मला ओळखता येत नाही' असं सांगून त्याने काम थांबवलं. ग्राफिक्स कार्डाचं मॉड्यूल तयारच झालं नाही, आणि पडद्याची ती दशा झाली! मला विचाराल तर अकरा नंबर शहाणाच. न कळता मान डोलावली नाही त्याने.

उपाय सोपा होता. जीसीसी १२ बसवायचा आणि मॉड्यूल त्याच्याकडून पुन्हा करून घ्यायचं. आपल्याला कोणत्या कंपायलरने घडवलं, हे कर्नल स्वतःच सांगतो, बरं का! शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर सरांना विचारून 'प्रॉक' या कप्प्यातली 'व्हर्जन' नावाची फाइल उघडा. आधी कर्नलची आवृत्ती दिसेल, आणि तिच्यापुढे कंपायलरचं नाव आणि नंबर.