कंपनी विकते एक, आपण वापरतो भलतंच!

नवं तंत्रज्ञान आलं की ते कसं वापरायचं हे कंपनी जाहिरातीत सांगते. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि आपल्या सोयीचं तेवढं उचलतं. हे घ्या पुरावे!

बिनपैशाचा निरोप
३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन लावला आणि देशात मोबाइल अवतरला. तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडत. लोकांनी उतारा शोधला, मिस्ड कॉल! एक आला तर ‘सुखरूप पोचलो’, लागोपाठ दोन आले तर ‘खाली ये, गाडी मधेच उभी केलीय’. २०११ साली अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबाही मिस्ड कॉलनेच दिला गेला.

टॉर्चसोबत फोन फ्री
२००३ चा नोकिया ११०० जगभरात तब्बल २५ कोटींच्या आसपास खपला. त्याच्या डोक्यावर इवलासा टॉर्च होता. लोडशेडिंगच्या दिवसांत रात्री मोटार चालू करायला शेतात निघालेल्यांना आणखी काय हवं?

दोन सिमचा संसार
एका सिमवर कॉल स्वस्त, दुसऱ्याला गावाकडे रेंज. मग दोन्ही ठेवा! मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्यांनी ही नस ओळखली. नोकियाचे दोन सिमचे फोन येईपर्यंत बाजारातली बरीच जागा त्यांनी अडवली होती.

फलाटावरची अभ्यासिका
जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेलटेलचं मोफत वाय-फाय सुरू झालं, मग ते देशभरातल्या स्थानकांत पोचलं. एर्नाकुलमच्या एका हमालाने ओझी वाहता वाहता याच वाय-फायवर इयरफोन लावून धडे ऐकले आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा काढली!

शुभ सकाळ, फोन फुल्ल!
५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, सुरुवातीला डेटा फुकट. मग काय, रोज पहाटे गुलाब, सूर्योदय आणि सुविचारांचा पूर! फोन तुंबू लागले. गुगलने २०१७ च्या अखेरीस ‘फाइल्स गो’ हे साफसफाईचं अॅपच काढलं.

केबलवाले दादा की जय
घरात ब्रॉडबँड आणलं कोणी? बऱ्याच गल्ल्यांत टीव्हीची केबल ओढणाऱ्यानेच! म्हणूनच राउटरचा लाल दिवा लागला की हेल्पलाइनचं ‘एक दाबा, दोन दाबा’ कोणी ऐकत बसत नाही. थेट फोन जातो, “दादा, नेट गेलंय, शेवटची ओव्हर चालू आहे!”