टोकं झिजतात, मग भरतं कोण?

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे टोकं 92. टेट्राहायमिना या तळ्यातल्या एकपेशीय जीवाच्या मोठ्या केंद्रकात मात्र ती हजारोंनी! टेलोमियरच्या, म्हणजे या टोकांच्या, अभ्यासाला याहून सोयीचा जीव कुठून मिळणार? शास्त्रज्ञ एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना त्याच्या टोकांवर डीएनएची ‘टीटीजीजीजीजी’ ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा आढळली. माणसात ती ‘टीटीएजीजीजी’ अशी असतात. पेशी विभागताना टोकं झिजतात, तरी या जीवाची टोकं शाबूत कशी? 1984च्या नाताळच्या दिवशी त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर प्रयोगशाळेत आली, तेव्हा तिच्या प्रयोगाच्या फिल्मवर सहा-सहा अक्षरांच्या अंतरानं पट्टे उमटले होते. म्हणजे तीच अक्षरं जोडून टोकं भरून काढणारं विकर, टेलोमरेज, सापडलं होतं. 2009चं नोबेल दोघींना जॅक शोस्टाक यांच्यासह मिळालं. टेलोमरेज वाढवण्याच्या नावाखाली ‘तारुण्याच्या गोळ्या’ विकणारे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत: बहुतेक कर्कपेशीही याच विकराच्या जोरावर वाढत राहतात.