फोटो घरोघरी आहेत, पाने लावणारा हवा

फोटो स्टुडिओचा धंदा संपला, असे आता सर्रास बोलले जाते. पासपोर्ट फोटो आणि लग्नसराई एवढ्यावर दुकान चालत नाही, रोल धुण्याचे काम केव्हाच बंद पडले, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइलचा कॅमेरा आला. ही तक्रार खोटी नाही. परंतु आमच्या मते तिची एकच बाजू पाहिली जाते. फोटो काढण्याचे काम ग्राहकाने स्वतःकडे घेतले. काढलेल्या फोटोंचे पुढे काय करायचे, हे मात्र त्याला उमगलेले नाही. जुने कागदी फोटो कपाटातल्या पिशवीत, नवे फोटो घरातल्या तीन-चार मोबाइलमध्ये विखुरलेले, आणि पाहुण्यांपुढे ठेवावा असा अल्बम एकही नाही, ही आज घरोघरची स्थिती आहे. ते फोटो वेचून, संगणकावर पाने लावून, छापून, बांधून देणे हा स्वतंत्र धंदा आहे. इंग्रजीत त्याला डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात. आपल्याकडचा ग्राहक फोटोबुक किंवा करिश्मा अल्बम म्हणून मागतो. भांडवल फार लागत नाही. बऱ्यापैकी संगणक आणि स्कॅनर असला की पुरे, छपाई लॅबकडून करून घेता येते. विकायचा खरा माल म्हणजे पानाची मांडणी, आणि नेमके तिथेच आपले बरेच कारागीर बंधू कमी पडतात.

याचे कारण तयार साचे. फोटोशॉपमध्ये उघडणारे असे साचे बाजारात शेकड्यांनी मिळतात. गुलाबाच्या पाकळ्या, राजवाड्याची कमान, हंसांची जोडी, कोपऱ्यात इंग्रजी प्रेमवचन. रिकाम्या चौकटीत फोटो टाकला की पान तयार! दहा लग्नांचे दहा अल्बम शेजारी ठेवले तर चेहऱ्यांखेरीज काही बदलत नाही. शिवाय जो साचा आपल्याकडे तोच पलीकडच्या दुकानात. मग ग्राहक फक्त भाव विचारतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. साचा मुळीच वापरू नये असे आम्ही म्हणत नाही. पण साच्यावर मजुरी मिळते, कारागिरीचा मोबदला मिळत नाही.

मुरक्क्याची कारागिरी

ही कारागिरी आपल्याला परकी नाही. मोगल दरबारात चित्रे आणि सुलेखनाचे नमुने जमवून जे ग्रंथ बांधले जात त्यांना मुरक्का म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळ लावलेले वस्त्र, फकिराची गोधडी म्हणा ना! इंग्रजीतले स्क्रॅप म्हणजेही तुकडे, कपटे. दोन्हीकडे कल्पना एकच: तुकडे जोडून एक वस्तू करायची. (अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने पानांना आधीच डिंक लावलेल्या चिकटवहीचे पेटंट १८७३ साली मिळवले होते. लेखकालाही या वस्तूत धंदा दिसला, एवढ्यासाठीच हे सांगितले.)

शहाजहानचा पुत्र दारा शिकोह याने आपली बेगम नादिरा बानू हिला भेट दिलेला मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तो १६४० च्या दशकात दिला गेला. नवऱ्याने बायकोला दिलेला अल्बम, म्हणजे एका अर्थाने घरगुतीच. त्यात समोरासमोरच्या पानांवर चित्रांच्या जोड्या लावल्या आहेत. दोन पाने चित्रांची झाली की दोन पाने सुलेखनाची येतात, त्यामुळे डोळ्याला विसावा मिळतो. मुरक्क्याच्या कामात चितारी वेगळा, कातिब वेगळा, चित्राभोवतीचा हाशिया, म्हणजे समास, रंगवणारा वेगळा आणि जिल्दसाज वेगळा असे. आज ही सारी कामे एकाच माणसाला संगणकावर करावी लागतात, परंतु कामे तीच आहेत. जो फक्त चितारी होतो, त्याचे पान अर्धेच राहते.

दोन पाने मिळून एक

करिश्मा अल्बमची नेहमीची शीट १२ बाय ३६ इंच. मधोमध घडी, म्हणजे १२ बाय १८ ची दोन पाने. पाहणाऱ्याला ती एकदमच दिसतात, म्हणून दोन्हींचा विचारही एकत्र करावा. एका शीटवर एकच फोटो मोठा, बाकीचे त्याचे सोबती. सगळे फोटो सारख्या मापाचे लावले की नजर कुठे थांबावी तेच कळत नाही. माणसाची नजर पानाच्या आत वळलेली असावी. डावीकडच्या पानावरचा माणूस बाहेर पाहत असेल तर पाहणाराही अल्बमबाहेर जातो. शीट सपाट उघडत असली तरी घडीची रेघ दिसतेच, तेव्हा तिच्यावर चेहरा येऊ देऊ नये. मोठ्या गटाचा फोटो दोन्ही पानांवर पसरायचा असेल तर दोन माणसांमधली फट बघून घडी तिथे आणावी. कडेने कापणी होते, म्हणून डोके, हात, अक्षरे काठापासून निदान अर्धा इंच आत ठेवावीत.

नजर आत वळवण्याचा सोपा उपाय म्हणून काहीजण फोटो सरळ उलटा फिरवतात, आरशातल्यासारखा. हा घात आहे. मग नवरदेव निकाहनाम्यावर डाव्या हाताने सही करतो, दस्तरखानावर आजोबा डाव्या हाताने घास घेतात, शेरवानीची बटणे दुसऱ्या बाजूला जातात आणि मागच्या फलकावरची अक्षरे उलटी होतात. घरची वडील मंडळी पहिल्यांदा हेच पाहतात. फोटो फिरवण्याऐवजी त्याची जागा बदलावी.

पार्श्वभूमीचा रंग फोटोतूनच उचलावा. दुपट्ट्याचा हिरवा, जुन्या फोटोच्या कागदाचा पिवळसर, घराच्या दाराचा निळा. फुले हवीच असतील तर त्या घरच्या भरतकामाचा, चादरीचा किंवा फरशीच्या नक्षीचा फोटो काढून तो फिकट करून खाली टाकावा. तो साचा दुसऱ्या दुकानात मिळणार नाही.

आता पानांच्या कल्पना. लग्नाच्या अल्बमात मेहंदी, निकाह, वलीमा हा क्रम ठरलेलाच आहे, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. कुटुंबाच्या अल्बमात मात्र क्रम आपल्याला शोधावा लागतो. एकाच उंबरठ्यावर वेगवेगळ्या ईदला काढलेले फोटो निवडून एका ओळीत लावा: दार तेच, मुले वाढत गेलेली. वडिलांच्या दुकानाचा जुना फोटो एका बाजूला, आजचा दुसऱ्या बाजूला, मधे जुन्या बिलबुकाचे पान. आजीच्या हाताने लिहिलेली पाककृती स्कॅन करून तिच्या फोटोसमोर. कोकणातल्या अनेक घरांत आखातातून आलेल्या पत्रांची चळत अजून जपलेली असते. कमावता माणूस कुवेतला किंवा दुबईला, बाकी घर गावी. वर्षानुवर्षे दोघे एका फोटोत आलेलेच नाहीत. अशा घरासाठी एका पानावर तो, समोरच्या पानावर घरची माणसे, नजरा एकमेकांकडे, आणि दोहोंखाली त्या काळच्या पत्राची फिकट छबी. संगणकाच्या करामतीने त्याला घरच्या फोटोत चिकटवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते वेगळे राहिले हीच त्या घराची खरी हकीकत आहे.

फोटोंखाली नावे लिहिण्याचा बहुतेकांना कंटाळा असतो. वास्तविक ग्राहकासाठी याहून मोलाचे दुसरे काही नाही. १९६० सालच्या बारातीतल्या तिसऱ्या रांगेत कोण बसले आहे, हे घरातल्या एखाद्याच वृद्ध व्यक्तीला ठाऊक असते, आणि ती व्यक्ती काही कायमची थांबत नाही. म्हणून काम हाती घेताच पहिली फेरी तिच्याकडे करावी, फोटो दाखवत बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, मगच पाने लावायला बसावे. नाव, नाते, गाव, साल एवढे पुरे. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ लिहावे.

अक्षरांबाबत एक सूचना. फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये मध्यपूर्व व दक्षिण आशियाच्या लिप्यांचा पर्याय (आवृत्तीगणिक त्याचे नाव बदलते) निवडलेला नसेल तर मराठीतली पहिली वेलांटी भलत्या जागी जाते, जोडाक्षरे सुटतात आणि उर्दूची अक्षरे सुटी पडतात. ज्याला ती लिपी वाचता येते अशा माणसाकडून छपाईपूर्वी प्रत्येक ओळ वाचून घ्यावी. आजोबांचे नाव चुकलेला अल्बम कोणी पैसे देऊन नेत नाही.

फोटो हाती घेताना

ग्राहक बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने तो जेमतेम सव्वापाच इंच छापता येतो. १८ इंचांचे पान भरायला ५४०० पिक्सेल लागतात. म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे, किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावा. लहान फोटो ताणून मोठा करण्यापेक्षा भोवती रुंद हाशिया सोडून तो लहानच लावावा. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला कागद नव्हे.

कागदी ४ बाय ६ चा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की दुप्पट मोठा छापता येतो. एकेकाळी घरोघरी असलेल्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिकचा पडदा असलेल्या अल्बमांनी फोटोंचे फार नुकसान केले. तो डिंक फोटो पिवळा करतो आणि सोडतही नाही. ओढून काढू नये. फोटोखालून बारीक नायलॉनचा दोरा हळूहळू सरकवावा, आणि तरीही सुटत नसेल तर पडदा उचलून पानासकट स्कॅन करावे.

घरच्या स्त्रियांचे फोटो हा विश्वासाचा मामला आहे. हे फोटो कोण पाहील, संगणकावर किती दिवस राहतील, हे ग्राहकाने विचारण्याआधीच सांगावे. दुकानात नमुना म्हणून दाखवायला त्यांतले एकही पान ठेवू नये. मांडणीचे हे काम शिकलेल्या मुली-स्त्रिया घरी बसूनही करू शकतात, आणि बाईच्या हातून काम होणार म्हटल्यावर पुष्कळ घरे फोटो द्यायला मोकळेपणाने तयार होतात. काही घरांना माणसांचे फोटो मांडून ठेवणे मान्य नसते. त्यांच्यासाठी घर, शेत, पत्रे, दस्तऐवज आणि हस्तकलेची पाने लावून सुंदर पुस्तक होते.

दर ठरवताना आपले लोक लॅबचे बिल पाहतात आणि त्यावर थोडे चढवतात. तसे करू नये. समजा, एका शीटला चाळीस मिनिटे लागली आणि अल्बम वीस शीटचा आहे, तर तेरा तासांहून अधिक काम झाले. त्यात फोटो निवडणे, स्कॅनिंग आणि नावे लिहून घेण्याच्या फेऱ्या धरलेल्याच नाहीत. मांडणी, स्कॅनिंग, छपाई, बांधणी अशा चार रकमा पावतीवर वेगळ्या लिहाव्यात, म्हणजे ग्राहकालाही कळते की पैसे कशाचे. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धराव्यात, तिसरीपासून वेगळे पैसे. आणि शेवटच्या नमुन्यावर घरातल्या एकाच जबाबदार माणसाची सही घ्यावी, नाहीतर प्रत्येक मामू-चाचू आपला फोटो मोठा करायला सांगतो.

अल्बम उर्दूत असेल तर तो उजवीकडून उघडेल. ही गोष्ट पहिले पान लावण्यापूर्वी ठरवावी आणि लॅबला व बाइंडरला लेखी कळवावी. वीस शीट डाव्या बाजूने बांधून आल्यावर ते काम पुन्हा छापण्यावाचून उपाय उरत नाही.